शेजारणीला टीबी आणि घरात लहान लेकरू: प्रीतीपोटी जावं की जपून राहावं?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न नीट वाचला. यवतमाळकडच्या तुमच्या गावात शेजारच्या विधवा बाईला फुप्फुसाचा टीबी निघाला. दीर-जावेनं तिची खाट गोठ्यालगतच्या खोलीत टाकली आणि हात झटकले. तुमचे मिस्टर चर्चच्या मंडळीचे पाळक. ते रोज दोन वेळा तिच्याकडे जातात, डबा देतात, तिला उठवून बसवतात आणि थंडीचं दार लोटून घेऊन तासभर प्रार्थना करतात. तोंडाला काही बांधत नाहीत. तुम्ही काही म्हटलं की बायबलातलं एक्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतात, की मरीचं भय नाही, पीडा आपल्या घराजवळ येणार नाही. तुमचं लेकरू दोन वर्षांचं. तुम्ही विचारता, भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कमी पडतो का, आणि त्यांना अडवलं तर प्रभूच्या कामाला आडवी आले असं होईल का?

मी नर्स. तरुणपण मिशनच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात गेलं, पुढे टीबीच्या कामात राहिले. आता निवृत्त आहे, पण आमच्या भगिनी मंडळाबरोबर आजाऱ्यांच्या घरी जाणं चालूच आहे. त्यामुळे तुमच्या घरात जे चाललंय ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय. एक माणूस धावून जातो, दुसरं भितं, आणि दोघंही एकमेकांच्या विश्वासाला मापं लावत बसतात. त्या बाईला काय हवंय, हे विचारायचं मात्र राहून जातं.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न असा आहे: प्रीतीसाठी किंमत मोजायची ती कुणी, आणि कुणाच्या वतीनं? तुमचे मिस्टर स्वतःचा जीव धोक्यात घालायला तयार आहेत. तो त्यांचा अधिकार आहे आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. गाव जिच्या दारावरून जायला तयार नाही तिच्या खाटेशी ते बसतात, हे लहान काम नाही. पण दोन वर्षांच्या लेकराचा जीव पणाला लावायचा अधिकार त्यांना नाही, तुम्हालाही नाही. प्रभूनं आपला प्राण दिला तो स्वतःचा. 'माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो,' असं तो योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो. अर्पण असतं ते आपलं, आपण होऊन दिलेलं.

आता स्तोत्राचं. एक्याण्णवावं स्तोत्र मी स्वतः कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी म्हटलंय, त्याच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण मत्तयाचा चौथा अध्याय काढून मिस्टरांसोबत बसून वाचा. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि ह्याच स्तोत्रातल्या ओळी म्हणून दाखवतो: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभूनं स्तोत्र खोटं म्हटलं नाही. 'परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको,' एवढंच उत्तर दिलं. हातात मास्क असताना तो बाजूला ठेवून बंद खोलीत बसणं हे मला त्या शिखरावर उभं राहण्यासारखंच वाटतं. बायबलातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात देव म्हणतो, नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा बांध, म्हणजे कुणी वरून पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. आपल्या वऱ्हाडातल्या धाब्याच्या घरांत राहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. कठडा बांधणाऱ्याचा देवावर भरवसा नाही असं तिथं कुठंच म्हटलेलं नाही. उलट कठडा बांधायचीच आज्ञा आहे.

प्रेषित पौलाचंही पाहा. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाचा माणूस त्याच्या सेवेला पाठवला. तो सेवा करता करता मरणाच्या दारी गेला. पौल त्याला अल्पविश्वासी म्हणत नाही आणि 'तुला काही होणारच नव्हतं' असंही म्हणत नाही. त्यानं जीव धोक्यात घातला म्हणून अशा माणसांचा मान राखा असं लिहितो, आणि तो बरा झाल्यावर घरच्यांची काळजी मिटावी म्हणून त्याला परत पाठवतो. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगणारा आणि त्रफिमाला आजारी म्हणून मिलेतात ठेवून पुढे जाणारा पौल तोच. विश्वासाच्या माणसांनाही आजार होत होते आणि ती त्याचा इलाज करत होती.

हा वाद आजचा नाही. १५२७ साली जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना गावी हलवलं गेलं, पण मार्टिन ल्यूथर थांबला. त्याची बायको काथारीना तेव्हा गरोदर होती आणि त्यांच्या घरात आजारी माणसं होती. ब्रेस्लाऊच्या पाळकानं, योहान हेसनं, त्याला विचारलं होतं की ख्रिस्ती माणसानं मरीपासून पळावं का. ल्यूथरनं सविस्तर पत्र लिहिलं. माझ्या शब्दांत त्याचा गाभा असा: ज्याच्यावर जबाबदारी आहे, मग तो पाळक असो, वैद्य असो की अधिकारी, त्यानं लोकांना वाऱ्यावर सोडून जाऊ नये. ज्याच्यावाचून शेजाऱ्याचं अडत नाही, तो गेला तर पाप नाही. आणि जो थांबतो त्यानं औषध घ्यावं, घराला धुरी द्यावी, जिथं गरज नाही तिथं जाऊ नये, म्हणजे आपल्या हलगर्जीपणानं दुसऱ्याला लागण होऊन तो मरायचा नाही. पण शेजाऱ्याला गरज पडली तर कुठंही जायला मागंपुढं पाहू नये. औषध न घेता छाती काढून फिरणाऱ्यांना तो देवाची परीक्षा पाहणारे म्हणतो. जंतू म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं त्या काळातलं हे पत्र. आपल्याला तर ठाऊक आहे.

म्हणून आता नर्स म्हणून बोलते, कारण तुमची अर्धी भीती माहितीनं उतरेल.

फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. आजारी माणूस खोकलतो, बोलतो, तेव्हा बारीक कण हवेत राहतात आणि बंद खोलीत बराच वेळ टिकतात. ताट-वाटी, कपडे, स्पर्श ह्यांतून तो पसरत नाही. म्हणजे तुमचे मिस्टर तिथून घरी आले की कपड्यांवरून लेकराला टीबी होईल, ही धास्ती काढून टाका. लेकराला धोका तेव्हा, जेव्हा ते स्वतः तिच्या खोलीत जाईल, किंवा मिस्टरांना लागण होऊन पुढे फुप्फुसाचा आजार होईल. लागण झालेल्या प्रत्येकाला आजार होतो असंही नाही. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना तो आयुष्यात कधीतरी होतो. ज्यांना शुगर आहे, एचआयव्ही आहे, जे कुपोषित आहेत, तंबाखू-दारू घेतात, त्यांना जास्त. पाच वर्षांखालच्या लेकरांनाही जास्त, आणि त्यांच्यात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तुमची भीती काल्पनिक नाही ती इथं.

मग पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. बाईच्या गोळ्या कधी सुरू झाल्या? त्या ती रोज घेते का? थुंकीची तपासणी झाली तेव्हा औषधाला दाद देणारा टीबी निघाला की न देणारा? साधा, दाद देणारा असेल आणि गोळ्या नेमानं चालू असतील तर दोन-तीन आठवड्यांत तिच्यापासून पसरण्याचा धोका पुष्कळ उतरतो. तेव्हा आज ती पहिल्या आठवड्यात आहे की दुसऱ्या महिन्यात, ह्यावर तुमच्या मिस्टरांनी किती जवळ आणि किती वेळ बसायचं ते ठरतं. दाद न देणारा असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तसंच. हे सगळं तिच्या उपचाराच्या कार्डावर असतं आणि तुमच्या आशाताईंना माहीत असतं. आणि मिस्टरांना शुगर असेल तर रोजचं खाटेशी बसणं दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, हे मी स्पष्टच सांगेन.

कसं बसायचं ते सांगते. खाट खोलीतून काढून सपरीत, म्हणजे पडवीत आणा. आमच्या बायका पहिलं काम हेच करतात. सपरीत ऊन आणि वारा दोन्ही मिळतं, आणि टीबीच्या जंतूला दोन्ही सोसत नाहीत. थंडी असेल तर गोधडी जास्त द्या, दार लोटू नका. तिच्या तोंडाला साधा मास्क किंवा पदराची दुपट्टी घडी, आणि तुमच्या मिस्टरांना एन-९५. बसताना वारा आपल्याकडून तिच्याकडे जाईल असं बसायचं, समोरासमोर नाही. बेडका झाकणाच्या डब्यात, डब्यात फिनाईल, नंतर तो खड्ड्यात पुरायचा. स्तोत्र म्हणायला तासभर लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. बाकी वेळ अंगणात बसून बोलता येतं.

आणि तिचं ताट वेगळं ठेवू नका. मी एका घरी गेले होते तिथं आजारी बाईची जर्मनची थाळी गुरांच्या दावणीजवळ पालथी घालून ठेवलेली. तिची भाकर आणि चून वरून त्या थाळीत सोडत होते. खोकल्यापेक्षा त्या थाळीनं ती जास्त खंगली होती. मी ती थाळी घासली, घरातल्या थाळ्यांबरोबर लावून ठेवली आणि चहा त्यांच्याच कपातून घेतला. सून बघत राहिली, काही बोलली नाही. पुढच्या खेपेला थाळी चुलीपाशी होती. जिथं धोका आहे तिथं तोंड बांधायचं, जिथं नाही तिथं बिनधास्त जवळ जायचं. हा फरक कळला की माणूस धीट होतो, आणि आजाऱ्याला आपण वाळीत टाकलोय असं वाटत नाही.

तुमच्या मिस्टरांना मोलोकाईची गोष्ट सांगा. हवाई बेटांत कुष्ठरोग्यांना तिथं नेऊन टाकत. फादर डेमियन १८७३ साली तिथं गेले, त्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्याच भांड्यात जेवले, त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला आणि १८८९ साली ते वारले. जग त्यांचं नाव घेतं ते योग्यच आहे. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांत तिथं मदर मॅरिएन कोप आल्या. मुळात त्या इस्पितळ चालवणाऱ्या, हात धुण्याबद्दल आणि स्वच्छतेबद्दल अतिशय काटेकोर. त्या पुढे जवळजवळ तीस वर्षं तिथंच राहिल्या, १९१८ साली म्हातारपणी वारल्या, आणि त्यांना तो आजार झाला नाही. रोमन कॅथलिक चर्चनं दोघांनाही संत म्हणून जाहीर केलं. हात धुणाऱ्या बाईची प्रीती कमी भरली असं कुणी म्हटलं नाही. उलट तिच्या हातून तीस वर्षं सेवा झाली. आपल्या सेवाग्रामातही परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग होता, तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी जवळच वेगळी कुटी बांधून घेतली आणि स्वतः जाऊन मालिश केलं. कुटी वेगळी, हात जवळ.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. त्या बाईचा उपचार सहा महिन्यांचा आहे, साधा टीबी असेल तर. पहिल्या महिन्यात सगळ्यांना उत्साह असतो. मग सोयाबीन निघतं, कापसाची वेचणी लागते, आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. तोवर बाईला बरं वाटू लागतं, खोकला थांबतो, आणि ती गोळ्या सोडते. किंवा गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते, ती रक्त समजून घाबरते आणि गोळ्या चुलीत टाकते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की तो औषधाचा रंग आहे. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांतून औषधाला दाद न देणारा टीबी उभा राहतो, आणि मग तो तिच्यापुरता राहत नाही. आपल्या भागात बलिदान बहुतेक वेळा असं दिसतं: वेचणीच्या दिवसांत सकाळी आधी तिच्याकडे जाऊन, गोळी तिच्या घशाखाली उतरलेली पाहून मग शेतात जाणं. चौथ्या महिन्यात. ती चिडलेली असताना. त्याची साक्ष कुणी उपासनेत उभं राहून देत नाही. तुमच्या मिस्टरांची जी आग आज आहे ती तिथवर पुरायला हवी, आणि एकट्याची पुरत नाही.

म्हणून भार वाटून घ्या. आमच्या मंडळीत एक जण उपकेंद्रातून गोळ्या आणतो, एक घर डबा करतं, एक म्हातारी बाई रोज सपरीत बसून येते. तुम्ही लेकराला सोडून तिच्या खोलीत जाऊ नका, पण डबा तुमच्या चुलीवरचा असू द्या. वरण, अंडं, फल्लीदाणे-गुळाचा लाडू, जे होईल ते. अंगणातून हाक मारून दोन शब्द बोलत जा. सरकारकडून टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये, ते तिच्या बँक खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर ते अडतं. बँकेच्या चकरा मारणं हीसुद्धा सेवाच, आणि तिच्यात लागण व्हायची भीती नाही.

आणखी एक, जरा नाजूक आहे. बाई विधवा, एकटी, आपल्या धर्माची नाही. पुरुषमाणूस रोज दोनदा दार लोटून तिच्याकडे तासभर बसतो, हे गावात कसं बोललं जाईल ते तुम्हाला मी सांगायला नको. बोलणी तिच्या वाट्याला आधी येतील, मग तुमच्या. मिस्टरांनी एकट्यानं जाऊ नये. आशाताई किंवा एखादी वडीलधारी बाई सोबत असावी. पोलीस पाटील आणि सरपंच ह्यांना आपण काय करतोय ते आधीच सांगून ठेवावं. प्रार्थना तिनं म्हटलं तर करावी. तिनं नाही म्हटलं तर डबा तसाच जायला हवा, आणि तो तसाच जाईल हे तिला पहिल्या दिवसापासून कळायला हवं. आजारी माणसाला 'नको' म्हणायची ताकद नसते, म्हणून ते आपणच जपायचं. चांगल्या शमरोन्यानं जखमी माणसाला तेल-द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले. त्याच्याकडून बदल्यात काही मागितल्याचं लूकानं लिहिलेलं नाही.

मिस्टरांशी बोलताना 'तुम्ही चुकताय' असं सुरू करू नका. ते खरोखर प्रीतीनं जातायत, तिथून सुरू करा. मग विचारा की तिला सहा महिने लागणार, तुम्ही मध्येच आजारी पडलात तर तिच्याकडे कोण जाईल? बऱ्याच पाळकांना मी हा प्रश्न विचारलाय आणि त्यांना तो लगेच पटतो, कारण त्यात त्यांची सेवा वाचते. मास्क हा तिच्यासाठी आणि लेकरासाठी आहे, त्यांच्या विश्वासाच्या विरुद्ध नाही, हे त्यांना त्यातून दिसेल. तरीही नाहीच म्हणाले तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घ्या. लेकराच्या बाबतीत मात्र त्यांच्या होकाराची वाट पाहू नका. लेकराला दवाखान्यात नेऊन सगळं सांगा. तपासणी होईल, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर आजार होऊ नये म्हणून आधीच द्यायच्या गोळ्या सुरू होतील. मिस्टरांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, वजन उतरलं, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर थुंकी तपासायला एक दिवसही लावू नका.

तुमच्या भीतीबद्दल. गेथशेमाने बागेत प्रभूला घाम फुटला, हा प्याला टळो असं त्यानं मागितलं. तो घाबरला म्हणून त्याचं प्रेम कमी नव्हतं. तुमची भीती तुम्हाला लेकराकडे लक्ष द्यायला लावते, तिथवर ती देवानं दिलेली आहे असंच मी म्हणेन. पण ताई, ती भीती तिथं थांबली नाही, आणि उद्या 'तिचं नावच काढू नका' असं तुम्ही म्हणू लागलात, तर त्या जावेत आणि आपल्यात फरक उरत नाही. म्हणून तुम्हालाही कडक बोलते: लेकरू हे तिच्यापासून तोंड फिरवायचं कारण होऊ देऊ नका.

आणि सगळं नीट केलं तरी थोडा धोका उरतो. मास्क, वारा, ऊन, गोळ्या, सगळं असूनही नर्सेसना टीबी झालेला मी पाहिलाय. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तर काळजी घेणारी आमची माणसंसुद्धा गेली. तुमच्या मिस्टरांना काही होणार नाही असा शब्द मी देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर ऐकू नका. हा उरलेला धोका त्यांनी पत्करायचा की नाही हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं आहे, रात्री लेकरू झोपल्यावर, शांतपणे, प्रार्थनेनं. पत्करायचं ठरलं तर तो दोघांचा होतो. मग त्यांना जाताना अडवू नका, आणि त्यांनी मास्क न लावता उंबरा ओलांडू नये.

ह्या आठवड्यात एवढं करा: आशाताईंकडून तिचं कार्ड पाहून घ्या, खाट सपरीत आणा, लेकराला दाखवून या. थुंकीच्या तपासणीत काय निघालं ते मला इथं कळवा, पुढचं त्यावर सांगते. तोवर तिचा डबा चुकू देऊ नका.